तुळईतली शकावली

गणपतीत आमच्याकडे सगळे जमले की जेवणानंतर एक वाद हमखास निघतो. मल्हारगंजाच्या बाजूला आमचा वाडा होता, तो नेमका कधी बांधला? आजोबा म्हणत, अहिल्याबाईंच्या वेळचा. आत्याचे म्हणणे, छे, दुसऱ्या तुकोजीरावांच्या अमदानीतला. दादांना काय, सगळेच अहिल्याबाईंच्या वेळचे वाटायचे. दोघांच्या म्हणण्यात पन्नास वर्षांचा तरी फरक. घरात सर्वांत जुना कागद आहे तो वाटणीचा, आणि त्यात 'जुने राहते घर' एवढाच उल्लेख आहे.

आता आजोबा नाहीत आणि वाडाही नाही. २००९ साली तो उतरवला. खांब, तुळया, कडीपाटाच्या फळ्या असे सगळे सागवान वखारवाल्याला घनफुटावर विकले. मापे मीच घेतली. स्थापत्याची पदविका आणि बांधकाम खात्यातली उपयंत्र्याची नोकरी, म्हणून टेप माझ्याच हातात आली. लांबी, रुंदी, जाडी, वहीत नोंद. तुळयांच्या कापलेल्या तोंडांवर बारीक गोल रेषा दिसत होत्या. त्यांच्यावरच मी खडूने नंबर घातले.

पुढे काही वर्षांनी अमेरिकेतल्या एका खगोलशास्त्रज्ञाची हकीगत वाचनात आली, तेव्हा आपण खडू कशावर फिरवत होतो ते कळले. ती हकीगत यंदाच्या स्मरणिकेसाठी लिहितो आहे. मी इतिहासकार नाही, वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थीही नाही. पण जुन्या लाकडाशी ज्यांचा संबंध येतो अशी घरे आपल्या मंडळात अजून बरीच आहेत.

त्या खगोलशास्त्रज्ञाचे नाव अँड्र्यू एलिकॉट डग्लस. जन्म १८६७ चा. पर्सिव्हल लोवेल या धनिकाने मंगळ पाहण्यासाठी वेधशाळा काढायचे ठरवले आणि जागा शोधायला १८९४ मध्ये डग्लसला ॲरिझोनात पाठवले. फ्लॅगस्टाफ गावाजवळ वेधशाळा उभी राहिली. लोवेलला मंगळावर कालवे दिसत आणि ते तिथल्या बुद्धिमान रहिवाशांनी खोदले आहेत अशी त्याची खात्री होती. डग्लसने या निरीक्षणांविषयी शंका घेतली आणि १९०१ मध्ये नोकरी गमावली. (साहेबाच्या कालव्यांवर शंका घेतल्याचे परिणाम आमच्या खात्यातही फारसे वेगळे नसतात.)

डग्लसचा खरा ध्यास सूर्यावरच्या डागांचा होता. हे डाग साधारण ११ वर्षांच्या फेऱ्याने वाढतात आणि कमी होतात. त्याचा पृथ्वीवरच्या पावसापाण्यावर परिणाम होतो का, हे त्याला तपासायचे होते. पण ॲरिझोनात पावसाच्या नोंदी जेमतेम काही दशकांच्या. जुन्या नोंदी आणायच्या कुठून? फ्लॅगस्टाफच्या चहूबाजूंनी पाँडेरोसा पाइनचे जंगल पसरलेले आहे. कोरड्या मुलखातले झाड पाण्यावरच वाढते. ज्या वर्षी पाऊस आणि बर्फ चांगले, त्या वर्षी वाढ जास्त; ज्या वर्षी कोरडे, त्या वर्षी कमी. तेव्हा झाडाच्या खोडातच पावसाची वही असली पाहिजे, असा त्याचा तर्क. १९०४ मध्ये तो लाकूड कापण्याच्या कारखान्यात जाऊन ओंडक्यांची तोंडे भिंगाखाली पाहू लागला.

खोडाच्या आडव्या छेदात जितकी वलये तितके झाडाचे वय, हे आपण सगळेच शाळेत शिकलो. पाइनमध्ये ही वलये फार स्पष्ट असतात. हंगामाच्या सुरुवातीला वाढलेले लाकूड फिकट आणि सैल, अखेरीचे गडद आणि घट्ट. ही फिकट-गडद जोडी म्हणजे एक वर्ष. परदेशातून यंत्रे येतात त्या खोक्यांच्या फळ्या पुष्कळदा पाइनच्या असतात. त्यांच्यावरच्या लांब पट्ट्या म्हणजे हीच वलये, उभी कापलेली.

पण नुसत्या मोजणीने काही साधत नाही. एखाद्या तुळईत १०० वलये दिसली तर ते झाड निदान १०० वर्षे जगले एवढेच कळते. कोणती १००, ते कळत नाही. शिवाय अतिशय कोरड्या वर्षी झाड काही ठिकाणी वलयच धरत नाही, तर कधी एका वर्षात दोन असल्यासारखी दिसतात. म्हणजे मोजणीही चुकते. डग्लसच्या ध्यानात आले की एकाच मुलखातल्या निरनिराळ्या झाडांत रुंद-बारीक वलयांचा क्रम तोच असतो. एक बारीक, तीन बरी, मग दोन अगदी केसासारखी, मग एक भरघोस. असा पन्नास-साठ वर्षांचा क्रम पुन्हा जसाच्या तसा येत नाही. तो त्याला इतका पाठ झाला की एका शेतातला जुना बुंधा पाहून त्याने झाड कोणत्या साली तोडले ते सांगितले आणि जमीनमालकाने ते बरोबर असल्याचे सांगितले. एका झाडात राहिलेले वलय दुसऱ्यात सापडते, म्हणून चूकही पकडता येते. या कामासाठी तो आलेखाच्या कागदाची लांब पट्टी घेई आणि वलय जितके बारीक तितकी उंच रेघ मारी. दोन लाकडांच्या दोन पट्ट्या एकमेकींवर सरकवायच्या, रेघांना रेघा मिळाल्या की जुळणी झाली. इतके साधे साधन, पण आजही विद्यार्थ्यांना याच पट्टीपासून शिकवतात.

मोडी पत्रे ज्यांनी हाताळली आहेत त्यांना हे लगेच उमगेल. पेशवाईतल्या किती पत्रांवर नुसते 'छ १५ रमजान' असे असते, साल नसतेच. लिहिणाऱ्याला आणि घेणाऱ्याला ते ठाऊक होते, मग कशाला लिहा! आज ते पत्र लावायचे तर आतल्या उल्लेखांवरून, वार आणि तिथीच्या मेळावरून जंत्रीत जागा शोधावी लागते. मोडकांची जंत्री समोर घेऊन आपले संशोधक हेच करत आले. डग्लसने पाइनची जंत्री तयार केली. जिवंत झाडाच्या सालीखालचे शेवटचे वलय म्हणजे चालू साल, तिथून मागे जायचे. अशी साधारण पाचशे वर्षे त्याने लावली आणि जिवंत झाडे संपली.

इथे गोष्टीत पुरातत्त्व आले. शेजारच्या न्यू मेक्सिको राज्यात चाको नावाच्या ओसाड दरीत पूएब्लो बोनिटो ही प्राचीन वसाहत आहे. अर्धचंद्राकार बांधणीची, साडेसहाशेच्या वर खोल्यांची, काही भागात चार मजल्यांची दगडी इमारत. ती बांधणाऱ्या लोकांकडे लिपी नव्हती, चाक नव्हते, ओझ्याची जनावरे नव्हती. छतांसाठी मात्र पाइन आणि इतर झाडांच्या तुळया भरपूर वापरलेल्या. चाकोतल्या अशा मोठ्या इमारतींना मिळून दोन लाखांवर लाकडे लागली असावीत असा अंदाज आहे, आणि त्यातली बरीच ७०-८० किलोमीटरवरच्या डोंगरांतून माणसांनी वाहून आणली. कोणत्या डोंगरातले लाकूड हेसुद्धा अलीकडे वलयांवरूनच ओळखले गेले. मी बांधकामातला माणूस, मला ही बाब सर्वांत थक्क करते.

ही वसाहत किती जुनी, याविषयी नुसते तर्क चालत. न्यूयॉर्कच्या निसर्गेतिहास संग्रहालयातील क्लार्क विस्लर यांनी डग्लसचे काम ऐकून त्याला तिथल्या तुळयांचे तुकडे पाठवायची व्यवस्था केली. डग्लसने ते आपसात जुळवले. पूएब्लो बोनिटोनंतर सुमारे चाळीस वर्षांनी उत्तरेकडची ॲझटेक नावाची वसाहत बांधली गेली, असे त्याने सांगितले. (नाव तसे असले तरी मेक्सिकोच्या ॲझटेकांशी तिचा संबंध नाही.) कोण आधी, कोण नंतर, किती वर्षांनी, सगळे पक्के. पण साल? साल सांगता येईना. नव्या नव्या अवशेषांतले तुकडे जोडत ही प्राचीन मालिका ५८५ वर्षांची झाली. तिच्यात वर्ष पहिले, वर्ष दुसरे असे आकडे होते. त्यातले पहिले वर्ष इसवी सनाचे कोणते हे कोणालाच ठाऊक नव्हते. रमजानची तारीख आहे, साल नाही, अशी ५८५ पत्रे एका ओळीत लावून ठेवल्यासारखे.

जिवंत झाडांकडून मागे येणारी मालिका आणि ही प्राचीन मालिका यांच्यामध्ये खिंडार होते. ते बुजवायला नॅशनल जिओग्राफिक सोसायटीने पैसे दिले आणि १९२३, १९२८ व १९२९ मध्ये तुळया शोधण्याच्या मोहिमा निघाल्या. होपी लोकांचे ओरायबी हे गाव शेकडो वर्षे सलग नांदते आहे. तिथल्या राहत्या घरांच्या तुळयांतून, घरमालकांची परवानगी घेऊन, पोकळ गिरमिटाने पेन्सिलीएवढ्या जाड कांड्या काढल्या. जुनी लाकडे उतरवून नव्या घरात वापरायची रीत त्यांच्यातही होती, आपल्याकडे असते तशीच. ओरायबी आणि आसपासच्या पडक्या वस्त्यांनी जिवंत मालिका तेराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत मागे नेली. तरी दुवा मिळेना.

मग शोध युक्तीने सुरू झाला. खापरांच्या रंगसंगतीवरून कोणती वस्ती त्या हरवलेल्या काळातली असेल ते ठरवायचे; जवळ पाँडेरोसाचे जंगल हवे; आणि शक्यतो जळलेली वस्ती हवी. जळलेली का? कारण लाकूड कुजते, त्याला कीड लागते, पण कोळसा कुजत नाही, आणि कोळशात वलये जशीच्या तशी राहतात. हे वाचताना मला आपला राजवाडा आठवला. १९८४ मध्ये तो पेटला तेव्हा मी पाच-सहा वर्षांचा होतो. वडिलांच्या खांद्यावरून पाहिलेला धूर एवढेच लक्षात आहे. जळके लाकूड वाचता येते हे तेव्हा आमच्या घरात कोणाच्या गावीही नव्हते.

या सगळ्या कसोट्यांना उतरणारी एक जागा ॲरिझोनातल्या शो लो गावात होती. लिंडन हार्ग्रेव आणि एमिल हाउरी हे दोन तरुण तिथे खोदत होते. हाउरी तेव्हा २५ वर्षांचा. २२ जून १९२९ रोजी, डग्लस तिथे असतानाच, मातीतून एका जळक्या तुळईचा तुकडा निघाला. हात लावला तर भुगा होईल असा. त्याला सुती दोरी गुंडाळली, मेणाच्या द्रावणात भिजवले आणि क्रमांक दिला, एचएच-३९. पहिली दोन अक्षरे हाउरी आणि हार्ग्रेव यांची.

त्या संध्याकाळी दिव्याच्या उजेडात डग्लस तो कोळसा घेऊन बसला. बाहेरची वलये त्याच्या पाठ असलेल्या चौदाव्या शतकाशी लगेच जुळली. मग तो आत आत जाऊ लागला. १३०० च्या मागे, १२९९ च्या, १२७६ च्या मागे. आणि गाभ्याशी पोचला तेव्हा साल होते १२३७. आता आतली वलये प्राचीन मालिकेच्या शेवटच्या वर्षांशी ताडून पाहायची होती. ती जुळली. त्याबरोबर पूएब्लो बोनिटोसह चाळीसएक वसाहतींना एका रात्रीत साले मिळाली. डिसेंबर १९२९ च्या नॅशनल जिओग्राफिक मासिकात डग्लसने ती जाहीर केली. पूएब्लो बोनिटोतली त्याला मिळालेली सर्वांत जुनी तुळई इ. स. ९१९ ची, भरभराट १०६७ च्या सुमाराची, आणि ११२७ मध्येही तिथे वस्ती होती.

यातली गंमत पुढे आहे. खिंडार मुळी नव्हतेच. दोन्ही मालिका आधीच एकमेकींवर थोड्या आलेल्या होत्या. पण ज्या वर्षांत त्या एकमेकींवर येत होत्या त्या वर्षांची वलये इतकी बारीक आणि तुटक, नमुने इतके थोडे, की डग्लसची खात्री पटत नव्हती. १२७६ ते १२९९ हा त्या मुलखातला मोठा दुष्काळ. झाडे वाढली नाहीत आणि माणसांनी घरे बांधली नाहीत, म्हणून त्या काळच्या तुळयाच नाहीत. कड्यांच्या कपारीत बांधलेल्या मेसा व्हर्डेच्या वस्त्या याच सुमारास ओस पडल्या आणि लोक दक्षिणेकडे निघून गेले.

दुष्काळ पडला म्हणून लोक गेले, इतके हे सरळ आहे का? पुढच्या संशोधकांनी हात आखडता घेतला. त्याआधीचे काही दुष्काळ याच लोकांनी तिथेच राहून काढले होते. थंडी, मारामाऱ्या, संपलेले लाकूडफाटे, दक्षिणेत मिळालेला आसरा, अशी कितीतरी कारणे मांडली जातात. वलय पाऊस सांगते. माणूस का उठून गेला ते वलय सांगत नाही. या मुद्द्याकडे मी पुन्हा येणार आहे.

डग्लसने १९३७ मध्ये ॲरिझोना विद्यापीठात वलयांच्या अभ्यासाची प्रयोगशाळा काढली आणि ती कित्येक दशके फुटबॉलच्या स्टेडियमखाली नांदली. तिथल्या एडमंड शुलमनने कॅलिफोर्नियाच्या व्हाइट पर्वतात ब्रिसलकोन पाइन जातीचे चार हजार वर्षांहून जुने जिवंत झाड १९५७ मध्ये शोधले. त्याची नेमकी जागा आजही गुप्त ठेवतात, आणि त्याला कारण आहे. १९६४ मध्ये नेवाडात एका संशोधक विद्यार्थ्याने रीतसर परवानगीने एक ब्रिसलकोन तोडले आणि मोजले तर ४,८०० हून अधिक वलये निघाली. जगातले तेव्हा ज्ञात असलेले सर्वांत जुने झाड वय मोजण्यासाठीच तोडले गेले. त्या पर्वतांतल्या थंड कोरड्या हवेत मेलेले लाकूडही हजारो वर्षे टिकते. ते जोडून सात हजारांवर वर्षांची मालिका झाली आणि तिच्यामुळे कार्बन-१४ ची घड्याळे दुरुस्त करावी लागली. युरोपातली महापाषाणी थडगी मानली होती त्याहून शेकडो वर्षे जुनी ठरली.

आता आपल्याकडे. बहुतेक भारतीय झाडांत वलये स्पष्ट नसतात. आंबा, वड यांच्यावर भरवसा ठेवता येत नाही. हिमालयातले देवदार आणि चीड मात्र उत्तम, आणि सखल प्रदेशात साग. साग कोरड्या दिवसांत पाने झाडून झोपी जातो आणि पावसाबरोबर पुन्हा वाढू लागतो, त्यामुळे दर वर्षाची सीमा उमटते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी ठाण्याकडच्या सागावर १९८० च्या दशकातच काम केले. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतील शास्त्रज्ञांनी आपल्या होशंगाबादच्या सागाची मालिका साधारण १८३५ पर्यंत मागे नेली आहे.

आशियातल्या तीनशेहून अधिक वलय-मालिका एकत्र करून २०१० मध्ये मोसमी पावसाच्या दुष्काळांचा नकाशासंग्रह प्रसिद्ध झाला. त्यातल्या पुष्कळशा मालिका हिमालय, मंगोलिया, आग्नेय आशिया इथल्या आहेत. दख्खनवरून तो जरा बेतानेच वाचावा. पण त्यात १७९० ते १७९६ चा आणि १८७६ ते १८७८ चा, असे दोन मोठे दुष्काळ उठून दिसतात. पहिल्यात १७९१-९२ चा कवटीचा दुष्काळ बसतो. दुसरा तो, ज्यात पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली.

आमच्या घरात सांगतात की मूळ पुरुष नगरकडून 'मोठ्या दुष्काळात' बायकामुलांसह निघाला आणि होळकरांच्या आश्रयाला आला. कोणता दुष्काळ ते कोणी सांगत नाही. मी बरीच वर्षे १७९१ चा धरून चाललो होतो. पण नगर-पुण्याकडे आणखी एक भीषण दुष्काळ पडला, १८०३-०४ चा. पाऊस कमी होता हे खरे, पण त्याहून जास्त नाश फौजांनी केला. उभी पिके लुटली गेली, गावे ओस पडली, आणि त्या फौजांत यशवंतराव होळकरांच्या होत्या आणि पेंढारी होते. म्हणजे ज्यांच्यामुळे गाव सोडावे लागले, त्यांच्याच राज्यात येऊन आम्ही पाच-सहा पिढ्या अन्न खाल्ले, असेही असू शकेल. आजोबांना हे आवडले नसते. कोणत्याही सागाच्या वलयात हे सापडणारही नाही. तिथे फार तर एक बेताचा पाऊस दिसेल.

वाड्याचे मात्र कदाचित सापडेल. वखारवाल्याने एक दीड फुटाचा तुकडा परत दिला होता, कारण त्यात जाड खिळा रुतलेला होता आणि करवतीचे पाते मोडले असते. आईने त्याला पाय ठोकून घेतले. गणपतीचा चौरंग त्याच्यावर ठेवतो. गेल्या वर्षी विसर्जनानंतर मी त्याचे तोंड पॉलिश पेपरने घासले, ओले केले आणि भिंगातून मोजले. ११८ वलये भरली. सुताराने तीन कोपरे काटकोनात तासले आहेत, म्हणजे तिथली बाहेरची वलये गेली. चौथ्या कोपऱ्यात लाकूड कमी पडले असावे. तिथे सालीखालचे फिकट लाकूड बोटभर उरले आहे, थोडे किडीने खाल्लेले, पण शेवटची गोल कड शाबूत आहे.

ती कड म्हणजे झाड तोडल्याचे वर्ष. आत्याचे खरे असेल तर या तुळईची शेवटची काही वलये होशंगाबादच्या मालिकेवर येतील. थोडीच येतील, आणि सागवान निमाडातले असेल की आणखी कुठले हा प्रश्न राहीलच. आजोबांचे खरे असेल तर काहीच जुळणार नाही आणि ही ११८ वर्षे डग्लसच्या त्या ५८५ वर्षांसारखी अधांतरी राहतील, मधल्या काळातली दुसरी तुळई कोणाच्या घरातून मिळेपर्यंत. आपल्यापैकी कोणाचा जुना वाडा उतरायचा असेल तर साल किंवा फिकट लाकूड असलेल्या तोंडाची दोन इंच जाडीची चकती कापून ठेवा, ती कोणत्या खणातली ते तिच्यावर लिहा आणि मला एक फोन करा. वखारवाला दोन इंचांचे पैसे कापत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

यंदाचे विसर्जन झाले की मी पुण्याला पत्र लिहिणार आहे. आत्याला अजून सांगितलेले नाही.